चाळीस मायक्रॉनची राखण

सकाळी सहा-साडेसहाला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. एक प्लॅस्टिकची बादली, एक पिवळं फडकं आणि ओळीनं उभ्या पंधरा-वीस गाड्या. गाड्या पुसणारा दादा पहिल्या गाडीचं छत पुसतो, मग काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी चाकांच्या वर उडालेला चिखल. फडकं बादलीत बुचकळतो, पिळतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. दहावी गाडी येईपर्यंत पाणी गढूळ झालेलं असतं. साडेआठला मालक खाली येतो, ओलसर चकचकीत गाडी बघतो आणि खुशीत कामाला निघतो.

त्या फडक्यानं काय केलं ते दोन-तीन वर्षांनी कळतं. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी थांबते आणि गडद रंगाच्या बॉनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं गोल जाळं उमटतं. दिवसा सावलीत हीच गाडी बरी दिसते, पण नवी असतानाची खोली गेलेली असते. मग मालक दुकानात जातो आणि समोर नावांची रांग लागते: रबिंग, लिक्विड पॉलिश, कार्नोबा वॅक्स, टेफ्लॉन, सीलंट, सिरॅमिक, ग्राफीन, पीपीएफ. काही शे रुपयांच्या डबीपासून लाखाच्या घरातल्या पॅकेजपर्यंत सगळे जण एकच वचन देतात: चमक.

या नावांमागे कामं दोनच आहेत. पॉलिश रंगाचा थर घासून कमी करतं. सीलंट आहे तो थर झाकून राखतं. एक काढणारं, दुसरं जपणारं. आपल्याकडे चमक कमी झाली की पहिला हात पॉलिशकडे जातो आणि सीलंटची आठवण बिलाच्या शेवटच्या ओळीत येते. हा क्रम उलटा व्हायला हवा. नीट ठेवलेल्या गाडीला पॉलिश कमीत कमी आणि सीलंट नेमानं लागतं, हे या लेखाचं सांगणं आहे. ते का, हे कळण्यासाठी आधी रंगाच्या आत डोकवावं लागेल.

रंगाच्या आत

गाडीचा रंग हा एक थर नसतो. कारखान्यात पत्र्याची उघडी बॉडी धुऊन फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग ती प्रायमरच्या टाकीत सबंध बुडवून विजेच्या प्रवाहानं गंजरोधक थर कानाकोपऱ्यात बसवतात. हा ई-कोट. त्यावर सरफेसर. त्यावर बेस कोट, म्हणजे शोरूममध्ये आपण बोट ठेवून निवडतो तो रंग. आणि सगळ्यांत वर क्लिअर कोट, जो पारदर्शक असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते आणि त्यातला क्लिअर कोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे लाखो रुपयांच्या गाडीची सगळी झळाळी केसाच्या निम्म्या-पाऊण जाडीच्या थरावर उभी आहे.

हा थर दिसण्यापुरता नाही. ऊन झेलणारी, अतिनील किरण शोषणारी रसायनं त्यातच असतात. तो पातळ झाला की खालचा रंग उघडा पडतो. जुन्या गाड्यांच्या छतावर, बॉनेटवर पांढरट डाग पसरत जाऊन पापुद्रे सुटलेले आपण पाहतो ते यामुळेच. एकदा पापुद्रा सुटला की जगातलं कुठलंही पॉलिश तो परत बसवत नाही. तिथं नव्यानं रंग मारणं एवढाच इलाज उरतो.

आता ते जाळं. फडक्यात अडकलेली धूळ म्हणजे बरीचशी बारीक वाळू आणि दगडाची पूड. क्लिअर कोटहून ती कितीतरी कठीण असते. तिचे ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकून डोळ्यांपर्यंत पोचतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेनं परत पाठवतो. ओरखड्यांच्या कडा तो विखरून टाकतात. चमक गेली असं आपण म्हणतो ते हे विखुरणं.

ओरखडा पॉलिशनं भरत नाही. पॉलिशमध्ये अॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या कठीण पदार्थाची अतिशय बारीक पूड असते. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणायचा, की ओरखडा नाहीसा होतो. दरवेळी एक-दोन मायक्रॉन जातात आणि कटिंग कंपाऊंड, म्हणजे जास्त घासणारं पॉलिश, लोकरीच्या पॅडवर मारलं तर आणखी जास्त. जाणकार कामगार गाडीच्या उभ्या आयुष्यात सात-आठ मायक्रॉनच्या पुढे जायला कचरतात, कारण ऊन अडवणारी ताकद वरच्या भागात जास्त असते. नारळ खोवताना करवंटी लागायच्या आत हात थांबवावा लागतो, तसंच हे काम. फरक इतकाच, की इथं करवंटी डोळ्यांना दिसत नाही.

कापडावर रंग उतरतो तेव्हा

सगळ्याच गाड्यांना क्लिअर कोट नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोडागाड्यांच्या पद्धतीनं मोटारींना वॉर्निशचे थर देत आणि ते वाळायला आठवडे लागत. फोर्डनं १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागेही लवकर वाळणारा रंग हे एक कारण सांगितलं जातं. १९२०च्या दशकात ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजचा ड्यूको रंग आणला, तेव्हा आठवड्यांचं काम तासांवर आलं. आपल्याकडे लाकडी कपाटाला ड्यूको मारून घेतात, तो हाच वारसा. रंग आणि वरची चमक वेगळ्या थरांत ठेवण्याची पद्धत जगभर रुळली ती १९८०च्या दशकात. आधी मेटॅलिक रंगांवर क्लिअर कोट आला. साध्या पांढऱ्या, लाल रंगाच्या कित्येक गाड्या नंतरही सिंगल स्टेज, म्हणजे रंग आणि चमक एकाच थरात असलेल्या रंगातच निघत राहिल्या. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी, उत्तरपाऱ्याची अँबॅसेडर, सुरुवातीच्या काळातल्या मारुती ८०० या गाड्या आजही ज्यांनी हौसेनं सांभाळल्या आहेत, त्यांनी पॉलिश विकत घेण्याआधी आपला रंग कुठला ते तपासायला हवं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळ एका जुन्या पेंटरच्या शेडमध्ये ही तपासणी बघायला मिळाली. समोर फिकट आकाशी पद्मिनी उभी होती. मालकानं डिकीचं झाकण दाखवत विचारलं, "मामा, यावर मशीन मारता येईल ना?" पेंटरमामा काही बोलले नाहीत. त्यांनी पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा बोटाला गुंडाळला, त्यावर पॉलिशचा थेंब घेतला आणि झाकणाच्या आतल्या कडेला, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथं हलक्या हातानं सात-आठ फेरे मारले. कापड उलटं करून दाखवलं. त्यावर आकाशी डाग होता. "बघा, रंगच निघतोय. वर काच नाही याला. मशीन नको, हातानं करू."

कापडावर गाडीचा रंग उतरला तर सिंगल स्टेज, पांढरं कापड पांढरं किंवा धुळीनं करडं राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. दोन मिनिटांची आणि फुकटची ही परीक्षा प्रत्येक जुन्या गाडीवर करावी. सिंगल स्टेज रंग उन्हानं सुकतो, वर खडूसारखी भुकटी येते. अशा रंगाला कटिंग मारणं म्हणजे उरलेलाही घालवणं. त्याला आधी तेलकट ग्लेझ चोळून रात्रभर मुरू देतात. मेग्वायर्स कंपनीचं ७ नंबरचं ग्लेझ या कामासाठी जुन्या गाड्यांच्या शौकिनांत नावाजलेलं आहे. सकाळी कापडानं पुसून मग अगदी सौम्य पॉलिश हातानं, आणि लगेच वरून वॅक्स. या रंगाला स्वतःचं छत्र नाही, म्हणून पॉलिशनंतर एक दिवससुद्धा तो उघडा ठेवू नये.

एका बॉनेटवर

क्लिअर कोटचं काम कसं चालतं ते पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका डिटेलिंग स्टुडिओत जवळून पाहिलं. आठ वर्षांची गडद निळी सेडान. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी स्वतः धुणारे. तरीही बॉनेटवर जाळं होतंच.

स्टुडिओतल्या मुलानं पहिल्यांदा पॉलिशची बाटली उघडली नाही. त्यानं गाडी शाम्पूनं धुतली, पाणी टिपलं आणि हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटं फिरवायला दिली. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पृष्ठभाग पिशवीतून खरखरीत लागला. आत रुतलेले कण होते ते. त्यानं लोहकण विरघळवणारं द्रावण फवारलं आणि मिनिटभरात दरवाज्यांच्या खालच्या भागावर जांभळे ओघळ उतरू लागले. ब्रेकच्या चकत्यांतून उडणारा लोखंडाचा चुरा क्लिअर कोटमध्ये घुसतो आणि तिथंच गंजतो. द्रावण त्याच्याशी संयोग पावलं की असा रंग येतो. उरलेले कण त्यानं चिकणमातीसारख्या क्लेनं, भरपूर ओलावा ठेवून, हलकेच उचलले. हे न करता मशीन फिरवलं असतं, तर हेच कण पॅडखाली सापडून नवे ओरखडे पडले असते.

मग मायक्रॉन मोजणारं यंत्र. बॉनेटवर चारही कोपऱ्यांत आकडे शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान आले. डावा मागचा दरवाजा मात्र तीनशेच्या वर गेला. "काका, हा दरवाजा कधीतरी रंगवलेला आहे." काकांनी मान हलवली. रंगवलेल्या भागावर जाडी जास्त दिसली तरी वरचा क्लिअर कोट कारखान्याइतका कठीण नसतो, म्हणून तिथं हात जपून चालवावा लागतो. आकडा पाचशेच्या पुढे गेला तर आत पुट्टी आहे असं समजतात. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे साधं यंत्र चालत नाही. तिथं अनुभवच कामाला येतो.

मुलानं बॉनेटच्या मधोमध हातभर चौकोन निळ्या टेपनं आखला. मऊ फोमचा पॅड, त्यावर वाटाण्याएवढे चार थेंब, सगळ्यांत सौम्य पॉलिश. मशीन ड्युअल अॅक्शनचं, म्हणजे पॅड फिरतो आणि त्याच वेळी डोलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. जुन्या रोटरी मशीननं काम झपाट्यानं होतं, पण नवख्या हातात ते बॉनेटच्या कडांवर आणि घडीवर, जिथं रंग आधीच पातळ असतो, क्षणात प्रायमर उघडा पाडतं.

आडवे फेरे, मग उभे फेरे. मायक्रोफायबरनं पुसलं. आणि इथं त्यानं केलेली गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकानं मागून घ्यावी अशी आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून त्या चौकोनावर फवारलं आणि पुन्हा पुसलं. पॉलिशमध्ये तेलं असतात. ती ओरखड्यात बसून त्यांना तात्पुरतं लपवतात. काही दुकानांत एवढ्यावरच काम उरकतं, गाडी चकाकत घरी जाते आणि दोन-तीन धुण्यांत जाळं परत येतं. अल्कोहोलनं तेल निघाल्यावर जे दिसतं ते खरं.

टेप निघाली, टॉर्च तिरपा धरला. रेघेच्या अलीकडे जाळं, पलीकडे गडद निळा रंग आणि त्यात टॉर्चचा एकच स्वच्छ ठिपका. दोन-चार खोल रेघा मात्र राहिल्या होत्या. काका म्हणाले, "त्यापण काढून टाक की एकदाच्या."

"नको काका. नव्वद टक्के हलक्या पॅडवर गेलंय. त्या चार रेघांसाठी अख्ख्या बॉनेटला कटिंग कशाला मारायचं?"

धंदा वाढवायची संधी सोडून तो मुलगा जे बोलला, ती या कामातली सगळ्यात मोठी अक्कल आहे. नख फिरवल्यावर अडकतं असा ओरखडा पॉलिशचा विषयच नाही. टचअप करावा किंवा तसाच राहू द्यावा.

वर काय चढवायचं

पॉलिश झालं, आता राखण. इथं पर्याय खरे चार.

पहिला कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर उन्हापासून बचावासाठी मेणाचा थर येतो. पानं वाळवून, झोडपून तो काढतात. वनस्पतिजन्य मेणांत हे सर्वांत कठीण, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. शुद्ध स्वरूपात ते विटेसारखं असतं, म्हणून डबीत इतर मेणं, तेलं आणि द्रावकं मिसळलेली असतात आणि मिश्रण त्याहून कमी तापमानाला मऊ होतं. काळ्या, लाल, गडद रंगावर कार्नोबाची झाक उबदार दिसते. पण आपल्या उन्हात एक ते दोन महिने, त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. झाकलेल्या गॅरेजमधल्या, रविवारी निघणाऱ्या गाडीला ते शोभतं.

दुसरा सिंथेटिक सीलंट. प्रयोगशाळेत बनवलेले पॉलिमर, बहुतेक सिलिकॉनच्या कुळातले, रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसतात. उष्णता आणि शाम्पू कार्नोबापेक्षा चांगला सोसतात आणि तीन ते सहा महिने टिकतात. दिसायला थोडे थंड, काचेसारखे. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर ही झाक उठून दिसते, आणि आपल्या रस्त्यांवर पांढऱ्या गाड्याच जास्त. लावायला सोपे: थंड पत्र्यावर, सावलीत, अगदी पातळ थर, सांगितलेली वेळ थांबून पुसणं. जाड थर लावल्यानं जास्त संरक्षण मिळत नाही, पुसताना हात मात्र दुखतात.

तिसरा सिरॅमिक. यात सिलिकाची राळ असते. हवेतल्या ओलाव्यानं ती घट्ट होते आणि एक-दोन मायक्रॉनचा कठीण, रसायनांना दाद न देणारा थर तयार होतो. चांगला लावला तर वर्ष ते तीन वर्षं आणि त्याहूनही जास्त काम देतो. पण जाहिरातीतलं '९ एच' नीट समजून घ्यावं. हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतला आहे. ६ बी पासून ९ एच पर्यंतच्या पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीनं ओरखडा पडतो ते बघतात. हिऱ्याला दहा अंक देणाऱ्या खनिजांच्या मोजपट्टीशी त्याचा संबंध नाही. ९ एच कोटिंग असलेल्या गाडीवर धुळीचं फडकं फिरवलं तर ओरखडे पडतात, किल्लीनं तर पडतातच. दगड उडाला तर टवकाही उडतो. शिवाय सिरॅमिकखाली जे असेल ते तसंच कोंडलं जातं. जाळं न काढता चढवलं तर तेच जाळं वर्षानुवर्षं बघावं लागतं. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत ते झटपट घट्ट होतं आणि पुसायला उशीर झाला की काळसर ढग कायमचे बसतात. ग्राफीनचं नाव असलेल्या बाटल्यांतही पाया बहुतेक या राळेचाच असतो.

चौथा पीपीएफ. पॉलियुरेथेनची दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. दगडाचा मार खरोखर झेलणारा पर्याय हा एकच. खर्च मोठा. एक्स्प्रेसवेवर रोजची ये-जा असेल तर फक्त पुढचा बंपर आणि बॉनेटची कड झाकणं शहाणपणाचं.

राहिलं टेफ्लॉन. गाडी घेताना किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी हे पॅकेज हमखास पुढे येतं. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावर ते त्याहून जास्त तापमानाला भाजून बसवतात. गाडीच्या बॉनेटवर ते शक्य नाही. त्या बाटलीत संरक्षण देणारं जे काही असतं ते तिच्यातलं मेण आणि सिलिकॉन. म्हणजे साध्या सीलंटचं काम. पैसेही तेवढेच द्यावेत.

घराच्या पत्त्यावरून निवड

कुठलं सीलंट चांगलं, या प्रश्नाचं उत्तर गाडी रात्री कुठं उभी राहते यावर आहे.

मुंबईत लोहमार्गाला लागून असलेल्या इमारतींत लोहकणांचा त्रास मोठा. पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसले की गंज पत्र्यातून आला असं वाटून लोक घाबरतात; बहुधा ते बाहेरून येऊन बसलेलं लोखंड असतं. तिथं वर्षातून एक-दोनदा लोहकण काढून सीलंट नव्यानं लावणं महत्त्वाचं. झाडाखालच्या पार्किंगमध्ये पर्जन्यवृक्षावरच्या किडींचा चिकटा, मेअखेर जांभळं, आणि बारमाही पक्ष्यांची विष्ठा. विष्ठेतली आम्लं आणि पाचक द्रव्यं क्लिअर कोट खातात. शिवाय उन्हानं तापून मऊ झालेला थर रात्री थंड होताना विष्ठेच्या कडक खपलीभोवती आवळतो आणि खड्डा कायम राहतो. सीलंट इथं वेळ मिळवून देतं, अभय देत नाही. खपली कोरडी खरवडू नये. ओलं कापड पाच मिनिटं ठेवून उचलावी.

कोकणात खारा वारा आणि लाल माती. वरच्या थराला सीलंट पुरतं, पण दगडानं उडालेला टवका तिथं आठवड्यात गंजू लागतो. कोकणातल्या माणसानं सीलंटइतकंच टचअपच्या बाटलीला महत्त्व द्यावं. गाडीच्या पोटाला गंजरोधक थर लागतो. वरच्या सीलंटचा त्याच्याशी संबंध नाही.

देशावर आणि मराठवाड्यात बोअरचं पाणी. त्यातले क्षार उन्हात वाळून पांढरी वर्तुळं उमटतात आणि सिरॅमिकवरसुद्धा ती घट्ट बसतात, कारण त्यावर पाण्याचे थेंब गोल उभे राहतात आणि जागेवरच वाळतात. अशा गावात धुतल्यावर पाणी टिपून घेण्याची सवय कोटिंगपेक्षा मोलाची. ताजी वर्तुळं पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघतात. विदर्भात उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि गडद बॉनेटवर हात ठेववत नाही. तिथं उघड्यावर उभ्या गाडीला कार्नोबा लावणं व्यर्थ; सिंथेटिक किंवा सिरॅमिक.

आणि सगळीकडे सणवार. दसऱ्याला गाडीवर काढलेलं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पांढऱ्या रंगावर दिवसभर ठेवलं तर ओरखड्यांत रंग शिरतो. पूजा जरूर करावी, संध्याकाळी साध्या पाण्यानं ते धुऊन काढावं, आणि झेंडूच्या हाराची तार पत्र्याला लागणार नाही असं बघावं. दिवाळीत फटाक्यांची राख कोरड्या फडक्यानं कधीही पुसू नये.

धुणं आधी

कुठल्याही बाटलीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे धुण्याची पद्धत. दोन बादल्या, एक शाम्पूची, एक कापड खळबळायची. मायक्रोफायबर. वरून खाली. चाकांसाठी वेगळं कापड. भांड्यांचा साबण नको, तो मेण उतरवतो. टूथपेस्ट नको, त्यात घासणारी पूड असते आणि ती रंगासाठी बेतलेली नसते. डिझेल, रॉकेलचा हात अजिबात नको. धूळ बसलेली गाडी रोज कोरडी पुसण्यापेक्षा आठवडाभर धुळकट राहिलेली बरी.

गाड्या पुसणाऱ्या दादाला दोष देणं अन्यायाचं आहे. एका बादलीत वीस गाड्या हा हिशेब आपण ठरवलेला आहे. त्याला आपल्या गाडीसाठी दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर कापडं घेऊन द्यावीत, रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवायला सांगावं आणि पगार तोच ठेवावा. महागड्या कोटिंगच्या तुलनेत हा खर्च काहीच नाही.

निवाडा

नवी गाडी असेल तर पॉलिश नको. धुऊन, लोहकण काढून थेट सीलंट. गॅरेजमध्ये रंगवून आणलेल्या भागावर मात्र तीस ते नव्वद दिवस काही लावू नये. आतली द्रावकं पूर्ण उडून जायला हवीत. नेमके किती दिवस ते पेंटरला विचारावं. पुढे रंगकाम व्हायचं असेल तर आधी लावलेल्या सिलिकॉनची कल्पना पेंटरला द्यावी, नाहीतर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

पाच-सात वर्षांच्या, रोज चालणाऱ्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या घरच्या गाडीला जाळं दिसत असेल तर एकदा मायक्रॉन मोजून सौम्य पॉलिश करून घ्यावं आणि मग पुढची काही वर्षं पॉलिशचं नाव काढू नये. त्यानंतर सिंथेटिक सीलंट वर्षातून दोनदा: एकदा मे महिन्याच्या अखेरीस, मृग लागण्याआधी, आणि एकदा पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुमाराला. हे काम घरी, सावलीत, एका सकाळीत होतं. सिरॅमिक त्यानं घ्यावं, ज्याला गाडी पाच-सहा वर्षं ठेवायची आहे, ज्याची धुण्याची शिस्त पक्की आहे आणि जो वर्षातून एकदा देखभालीला जाईल. कार्नोबा हौसेच्या गाडीला.

दुकानात गेल्यावर तीन प्रश्न विचारावेत. रंगाची जाडी मोजून दाखवाल का? आधी एक चौकोन करून दाखवाल का? अल्कोहोलनं पुसून दाखवाल का? तिन्हींना हो म्हणणाऱ्याच्या हातात गाडी द्यावी. एकालाही टाळाटाळ झाली तर किल्ली खिशात घालून परत यावं. आणि या दिवाळीत गाडीसाठी एकच बाटली घ्यायची असेल, तर ती सीलंटची घ्या.